राहत्या घरापासून, सकाळी अकरा वाजता

माझे सासरे २०२० च्या फेब्रुवारीत आयर्लंडमध्ये, आमच्याकडे गॉलवेला आले ते तीन महिन्यांसाठी. बॅगेत दोन स्वेटर, कानटोपी, मेतकुटाचा डबा आणि तोंडी एक आश्वासन, की तुमच्या संसारात मी लुडबुड करणार नाही. मार्चमध्ये सगळं बंद झालं. एप्रिलमध्ये त्यांनी आमच्या स्वयंपाकघरातल्या रेडिओत लक्ष घातलं आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

तो रेडिओ आधीच्या भाडेकरूने खिडकीत सोडून दिलेला होता. आम्ही नवरा-बायकोने त्याला कधी हात लावला नव्हता. आमची गाणीही फोनवर आणि बातम्याही फोनवर. सासऱ्यांनी त्याची धूळ पुसली, कान पिळला आणि त्यातून गॉलवेचं स्थानिक स्टेशन बोलायला लागलं. हरवलेली मांजरं, कचऱ्याची न आलेली गाडी, गुरांचा बाजार बंद तर वासरं विकायची कशी यावर फोन करून भांडणारे शेतकरी. आणि मग, सकाळी एकदा नि संध्याकाळी एकदा, मेलेल्या माणसांची नावं.

मला आधी ते खरंच वाटेना. निवेदिका एकेक नाव घ्यायची, गाव सांगायची, कुणाची बायको, कुणाचा भाऊ, कुठल्या चर्चमध्ये, किती वाजता. मागे संगीत नाही, आवाजात रडवेलेपणा नाही. हजेरी घ्यावी तसं सगळं एका सुरात. मी पलीकडे जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसलेली असे. आमच्या कंपनीत हृदयाच्या रक्तवाहिन्यांत घालायच्या नळ्या बनतात आणि त्यांच्याबद्दलची आमची रोजची मीटिंग नेमकी त्याच वेळेला. मी बोलायला म्यूट काढलं की माझ्याआधी कुणातरी आजोबांचं निधन सगळ्यांच्या कानावर जाई. एकदा माझ्या साहेबाने विचारलं, कोण गेलं? मी ओशाळून ऐकलेलं नाव सांगितलं. तो म्हणाला, अरे, ते माझ्या मावशीच्या शेजारचे. मग आमची मीटिंग दहा मिनिटं त्या आजोबांवरच चालली.

मी सासऱ्यांना म्हटलं, बाबा, सकाळी सकाळी हे काय ऐकता? जरा भजन लावा, गाणी लावा. ते म्हणाले, मी माझं कामच करायलोय की.

ते त्यांच्या दृष्टीने खरंच होतं. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ते पोटासाठी मास्तर होते आणि हौसेसाठी जिल्ह्याच्या पेपरचे वार्ताहर. नगरपालिकेची भांडणं, शाळेची गॅदरिंगं, टँकर आला, टँकर नाही आला, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे निधन वार्ता. गावात कुणी गेलं की लोक डॉक्टरच्या आधी मास्तरांकडे यायचे, असं ते मोठ्या अभिमानाने सांगत. ‘अल्पशा आजाराने’ या दोन शब्दांत त्यांनी काय काय झाकलं होतं, त्याला हिशोब नाही. दारू झाकली, विहीर झाकली, एका सासूने केलेला सुनेचा छळही झाकला आणि त्याबद्दल त्यांना आयुष्यभर स्वतःचाच राग होता.

त्यांचे थोरले भाऊ त्याच पेपरचे एजंट. स्टँडवर टपरी आणि सायकलच्या मागे गठ्ठा. धाकट्याने लिहायचं आणि थोरल्याने वाटायचं. सासरे जेवताना हमखास सांगायचे, की पेपरची जीप घाटात अडकली की आख्खी पेठ दारात उभी राहायची. कुणी दात घासत, कुणी चहाचा कप घेऊन. दादा सायकलवरून दिसला की सगळे मिळून त्याला शिव्या घालायचे आणि दादा त्यांच्या अंगावर पेपर फेकायचा. “नवरदेवाची बी कुणी एवढी वाट बघत नाही,” असं ते म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. मी ही गोष्ट इतक्या वेळा ऐकली होती, की नवऱ्याला टेबलाखालून पाय मारून मी ‘आली बघ जीप’ अशी खूण करत असे.

पण मला त्या रेडिओची चीड येण्याचं खरं कारण वेगळं होतं. नवरा हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. रोज जायचा. आला की मागच्या शेडमध्ये कपडे उतरवायचा, कुडकुडत बाथरूममध्ये पळायचा, आणि मी दाराआडून त्याच्या खोकल्याकडे कान लावून बसायचे. संध्याकाळी टीव्हीवर सरकारी डॉक्टर येऊन आज किती गेले ते सांगायचे. मी तो आकडा ऐकायचे आणि कालच्यापेक्षा कमी असला तर जेवायचे. आकडा मला सोसत होता. नावं सोसत नव्हती, कारण नावांच्या रांगेत कधीतरी ओळखीचं नाव येतं. मी हे सासऱ्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी रेडिओचा आवाज कमी केला, पण बंद नाही केला. म्हणाले, “टीव्हीवाला मोजायलाय, पोरी. ही बाई नाव घ्यायलीय. मेलेल्या माणसाला मोजू नये.”

त्यांचं इंग्रजी वाचायला पक्कं होतं, पण इथला उच्चार कानावर बसायला वेळ लागला. अर्धं त्यांना कळायचं नाही. त्या उरलेल्या अर्ध्यासाठी शेजारच्या बाई होत्या. सत्तरीच्या, एकट्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेल्या. आमच्या दोन्ही घरांच्या मागे छातीएवढी भिंत आहे. सकाळच्या नावांनंतर सासरे भिंतीच्या या बाजूला, बाई त्या बाजूला, मध्ये सरकारने ठरवलेलं अंतर, आणि मग आजचे मेलेले. कोण कुणाचा, शेत कुठे होतं, भावाशी का बोलत नव्हता. दोघांचं असं मेतकूट जमलं, की मला भाजी फोडणीला टाकून हाका माराव्या लागत. सासऱ्यांना गॉलवे शहरातला आमच्या घराबाहेरचा रस्ता ठाऊक नव्हता, पण आख्ख्या परगण्यातली गावं त्यांना मेलेल्यांवरून पाठ झाली.

इथला साप्ताहिक पेपरही बाई त्यांना देत. वाचून झाला की भिंतीवर दगडाखाली ठेवायच्या, आणि वरचा विषाणू मरावा म्हणून सासऱ्यांनी तो दोन दिवस तसाच ठेवायचा असं ठरलेलं. पाऊस आला की बाई धावत येऊन त्यावर प्लास्टिक घालत. एजंटाचा भाऊ असून शिळा पेपर वाचावा लागतो, याचं त्यांना वाईट वाटायचं. रविवारी ते दादांना व्हिडिओ कॉल लावून पेपरचं पान न् पान दाखवायचे. दादांना इंग्रजी येत नव्हतं. ते फोटो बघत आणि विचारत, “कागद बरा हाय. छपाई कुठं करतेत?”

सासऱ्यांची इथल्या निधन वार्तेबद्दल एकच तक्रार होती. वय सांगत नाहीत. ‘शांतपणे गेले’ एवढंच. बाईंनी त्यावर सांगितलं, की वय सांगून काय करायचं, ते ज्याला माहीत असायला हवं त्याला माहीत असतं.

त्या हिवाळ्यात आमच्या वसाहतीतले एक बसड्रायव्हर गेले. अंत्यविधीला दहाच माणसं चालणार होती. रेडिओवर निवेदिकेने सांगितलं, की गाडी अमुक वाजता राहत्या घरावरून जाईल, ज्यांना निरोप द्यायचाय त्यांनी रस्त्यावर उभं राहावं. बाईंनी भिंतीवरून सासऱ्यांना तयार राहायला सांगितलं. मीही गेले, खरं तर ते थंडीत पडतील या भीतीने. आपापल्या फाटकासमोर माणसं उभी होती, कुणी कुणाजवळ नाही. काळी गाडी चालण्याच्या वेगाने आली. पुढे काळ्या कोटातला माणूस पायी चालत होता. सासऱ्यांनी कानटोपी काढून हात जोडले. गाडी वळली तशी माणसं मुकाट्याने घरात गेली. सासरे दिवसभर त्याचाच विचार करत होते. आपल्याकडे सगळे प्रेतामागून चालतात, म्हणाले, इथं माणूस सगळ्यांना भेटून जातो, हेही बरंय.

पुढच्या वर्षी, मे महिना लागता लागता, दादा गेले.

तिकडे काय चाललं होतं ते आम्ही रोज बघतच होतो. पुतण्याचा, म्हणजे दादांच्या मुलाचा, फोन आला तेव्हा दादांना सोलापूरच्या हॉस्पिटलमधूनच परस्पर नेलेलं होतं. घरचं कुणी जवळ नाही, गावात आणलं नाही, पेठेतून नेलं नाही. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता ते कोसळतील. त्यांनी पुतण्याला एकच विचारलं. “पेपरला दिलं का?”

पुतण्याने दिलं होतं, पण छापून येणार नव्हतं. तालुक्याचं पान पेपरने आदल्या वर्षीच बंद केलं होतं. राहिलेल्या पानांत एवढी माणसं मावत नव्हती. ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं, की हवं तर छोटी जाहिरात द्या, फोटोसह. नवरा लगेच म्हणाला, देऊया, मी आत्ता करतो. सासरे त्याच्यावर असे ओरडले, की मी माझ्या लग्नानंतर त्यांचा तो आवाज पहिल्यांदा ऐकला. दादाने जन्मभर तो पेपर दारोदार पोचवला, म्हणाले, तो मेला ही बातमी आहे, बातमीची जाहिरात करायची नसते.

विमानाचा प्रश्नच नव्हता. ते आपल्या खोलीत गेले. रडले नाहीत, जेवले मात्र अगदी थोडं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओ लावला नाही. त्या शांततेत माझी मीटिंग पार पडली आणि मला ती शांतता खायला उठली. वर्षभर ज्याच्या नावाने मी बोटं मोडत होते, तो रेडिओ कुणीतरी लावावा असं मला मनापासून वाटत होतं.

बाईंनीही ते ओळखलं. त्या भिंतीपाशी आल्या आणि आज रेडिओ का नाही म्हणून विचारलं. मी सांगितलं. दादा, हॉस्पिटल, पेपर, सगळंच भडाभडा बाहेर पडलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मग आपल्या रेडिओवर देऊ की. मला कळेना. दादा तर कधी पुण्याच्या पलीकडेही गेले नव्हते. बाई म्हणाल्या, त्याने काय होतं? आमचे लोक बॉस्टनला मरतात, लंडनला मरतात, पण त्यांचा भाऊ इथं असतो ना. रेडिओ गेलेल्यासाठी नसतो, राहिलेल्यासाठी असतो. अंत्यविधीची कामं करणारा त्यांचा एक भाचा होता. स्टेशन अशी बातमी त्याच धंद्यातल्या माणसाकडून घेतं, घरच्यांकडून नाही. बाईंनी त्याला फोन करायचं कबूल केलं आणि वर, “ग्रँड, ठरलं तर मग,” असं म्हणून माझं उत्तर न ऐकताच आत गेल्या.

मला धास्ती वाटत होती की सासरे चिडतील. मी सांगितल्यावर ते उठले, चष्मा लावला आणि माझ्याकडून कागद मागून घेतला. सव्वा वर्षात त्यांनी एक ओळ लिहिली नव्हती. त्यांनी आधी मराठीत लिहिलं, खाडाखोड न करता. ज्येष्ठ वृत्तपत्र विक्रेते, अमुक गावचे रहिवासी, गॉलवे येथील अमुक यांचे वडील बंधू. पश्चात पत्नी, मुलगा, सून, नातवंडे, भाऊ, पुतण्या असा परिवार आहे. ‘अल्पशा आजाराने’ लिहिलं नाही. ‘साथीत गेले’ असं स्वच्छ लिहिलं. वयही लिहिलं.

दशक्रियेचा विधी तिकडे पुतण्या करणार होता. इथे त्यांना फक्त कॉरिब नदीवर जाऊन दादांच्या नावाने पाणी सोडायचं होतं. तेही त्यांनी लिहिलं आणि शेवटी ओळ टाकली, की दहाव्या दिवशी कुटुंबीय राहत्या घरापासून सकाळी अकरा वाजता निघतील. मी इंग्रजी करता करता तिथे थांबले. म्हटलं, बाबा, हे कशाला? आपण तिघंच तर जाणार. कोण येणारे?

“येवो नाहीतर न येवो,” ते म्हणाले. “वेळ लिहायची असते. वेळ नसली तर ती निधन वार्ता नव्हं, नुसती चिठ्ठी.”

मी वाद घातला नाही. भाच्याने फोनवर सगळं नीट विचारून घेतलं, वेळही दोनदा विचारली.

बातमी संध्याकाळी आली. आम्ही तिघं स्वयंपाकघरात उभे होतो. आधी ट्यूमच्या एक बाई, मग कोनेमारातले एक कोळी, आणि मग दादा. निवेदिकेने आमच्या गावाच्या नावावर जरा अडखळून, पण घाई न करता ते घेतलं. वृत्तपत्र विक्रेते. यांचे बंधू. आमची वसाहत. सकाळी अकरा वाजता. मग पुढचं नाव. नवरा सिंककडे तोंड करून उभा राहिला. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या, आणि मी दादांना आयुष्यात दोनदा भेटलेली. सासऱ्यांनी मात्र डोकं हलवलं. “चांगली वाचली,” म्हणाले. “कुठं कापली नाही.” त्यानंतरच्या दिवसांत दाराच्या फटीतून कार्डं यायला लागली, दादांसाठी चर्चमध्ये प्रार्थना सांगितल्याची. खाली सह्या होत्या, ओळखीची त्यातली एखादीच. सासऱ्यांनी ती खिडकीत रेडिओशेजारी उभी करून ठेवली.

दहाव्या दिवशी सासऱ्यांनी पांढरा सदरा-पायजमा घातला, वर नवऱ्याचं निळं फुगीर जाकीट. हातात आमच्या देव्हाऱ्यातला तांब्या, त्यात तीळ घातलेलं पाणी. नवऱ्याने रजा काढली होती. अकरा वाजता आम्ही दार उघडलं.

समोरच्या फाटकात माणूस उभा होता. त्याच्या शेजारच्यातही. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. आमच्या दारापासून थेट वळणापर्यंत, प्रत्येक फाटकाशी कुणी ना कुणी. बसड्रायव्हरची बायको. बाळाला अंगाशी बांधलेली एक पोलिश मुलगी. पायजम्यावर कोट चढवून आलेला, रात्रपाळीचा असावा असा एकजण. शेजारच्या बाई त्यांच्या काळ्या कोटात. आणि सगळे आमच्याकडे न बघता रस्त्याच्या टोकाकडे बघत होते.

आधी नवऱ्याच्या लक्षात आलं. हळूच म्हणाला, “अगं, ते गाडीची वाट बघतायत.”

आम्ही वेळ दिली होती, घर दिलं होतं, निघणार म्हणून सांगितलं होतं. इथल्या माणसाला त्याचा एकच अर्थ लागणार. एवढी माणसं कामधाम सोडून इथल्या मे महिन्यातल्या थंडीत उभी राहिली, आणि गाडी नाही, पेटी नाही, दादा तर कधीच तिकडे राख होऊन गेलेले. मला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पुढे होऊन सांगायला निघाले, की माफ करा, चूक झाली, इथून काहीच जाणार नाही.

सासऱ्यांनी माझा हात धरला. ते त्या रांगेकडे बघत होते. एका माणसाच्या हातात चहाचा कप होता, त्याच्याकडे ते जास्त वेळ बघत राहिले.

“राहू दे,” म्हणाले. “काय सांगू नकोस त्यांना.”

मग ते फाटकातून बाहेर पडले आणि फुटपाथ सोडून रस्त्याच्या मधोमध चालायला लागले, तांब्या दोन्ही हातांनी छातीशी धरून. पहिल्या फाटकातल्या माणसाने एकदा त्यांच्या मागे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं आणि टोपी काढली. पुढच्या बाईने छातीवर क्रूस केला. गाडीची वाट बघणं थांबलं. ते ज्या फाटकासमोरून जात, तिथली मान खाली जाई. सासरे मात्र मान खाली घालून चालत नव्हते. ते डावीकडचं एक घर, उजवीकडचं एक घर असं, एकही दार न चुकवता, प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून हलकेच मान हलवत चालले होते. आम्ही दोघं मागून. वळणावर पोचल्यावर ते थांबले आणि मागे वळून त्या सगळ्या रस्त्याकडे एकदा बघितलं. तोवर ते रडायला लागले होते, दहा दिवसांत पहिल्यांदा, आणि तांब्यातलं पाणी त्यांच्या जाकिटावर हिंदकळत होतं.

“दादाला उशीर झाला,” ते म्हणाले, “की अशीच उभी राहायची माणसं.”